सिरॉसिसचा पेशंट आणि एन्डोस्कोपी: इन्फेक्शन कुठून येतं, कुठे अडवायचं

एन्डोस्कोपी रूममध्ये रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास पडतो. टेबलावर सिरॉसिसचा, म्हणजे लिव्हर निबर होत गेलेला पेशंट आहे. पोट पाण्याने ताणलेलं, डोळे पिवळट, हातापायांच्या काड्या झालेल्या. फाइलवर एकच शब्द, ‘बँडिंग’, म्हणजे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा रबरी कड्यांनी बांधणं. नवीन आलेल्या सिस्टर किंवा ज्युनिअर डॉक्टर विचारतात, "सर, अँटिबायोटिक देऊ का?" आणि सीनिअर उत्तर द्यायचं सोडून उलट विचारतात, "ब्लीड झालाय का?"

या उलट्या प्रश्नात जवळपास सगळं आलं. सिरॉसिसमध्ये एन्डोस्कोपीच्या आसपास जी इन्फेक्शन होतात, त्यांतली थोडीच स्कोपमुळे, म्हणजे आत घालायच्या कॅमेऱ्याच्या नळीमुळे होतात. बाकीची होतात रक्तस्रावामुळे, गुंगीत असताना श्वासनलिकेत गेलेल्या उलटीमुळे, विसरून राहिलेल्या कॅन्युलामुळे (शिरेत ठेवलेल्या छोट्या नळीमुळे), आणि मुळात लिव्हर थकलेलं असतं त्यामुळे. म्हणून हा लेख स्कोप आत घालण्याच्या बराच आधी सुरू होतो आणि स्कोप धुऊन टांगल्यावरही थोडा चालतो. औषधांचे डोस दिलेत ते समजून घेण्यासाठी. हातात सिरिंज घ्याल तेव्हा तुमच्या युनिटचा लिखित प्रोटोकॉल आणि सीनिअरचा शब्दच प्रमाण.

पायरी १: आधी लिव्हरचं दुखणं समजून घ्या

आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल व्हेनमधून ते आधी लिव्हरमध्ये येतं. तिथे कुप्फर पेशी नाकाबंदी करून बसलेल्या असतात. आतड्यातून चुकूनमाकून निसटलेले जंतू त्या जागच्या जागी गिळतात. तुमच्याआमच्या शरीरात हे रोज चालतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

सिरॉसिसमध्ये तीन गोष्टी एकदम बिघडतात. लिव्हर आतून निबर झाल्यामुळे रक्त आडवाटेने, म्हणजे अन्ननलिकेतल्या आणि जठरातल्या फुगलेल्या शिरांमधून निघून जातं. नाका आहे, पण वाहतूक बाजूच्या गल्लीतून. दुसरं, आतड्याची भिंत सैल पडते, आतड्याची हालचाल मंदावते, आत जंतूंची वाढ जास्त होते आणि ते भिंत ओलांडून बाहेर पडतात. तिसरं, जंतूंवर खूण करणारी कॉम्प्लिमेंट प्रथिनं लिव्हरच बनवतं. ती कमी पडली की पांढऱ्या पेशी असूनही जंतू नीट पकडू शकत नाहीत. पोटात साचलेल्या पाण्यात तर प्रथिनं आणखी कमी, म्हणून ते पाणी जंतूंना आयतं मिळालेलं तळं ठरतं.

याचा हिशेब असा लागतो: हॉस्पिटलमध्ये भरती असलेल्या सिरॉसिसच्या दर तीन-चार पेशंटांपैकी एकाला बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असतं किंवा मुक्कामात होतं. आणि इन्फेक्शन झालं की मृत्यूचा धोका सुमारे चौपट होतो. न्यूमोनिया किंवा लघवीचं इन्फेक्शन इतर माणसाला आठ दिवस झोपवेल. इथे तेच किडनी बंद पाडू शकतं, पेशंटला भ्रमात नेऊ शकतं, काविळीचा आकडा दुप्पट करू शकतं.

पायरी २: स्कोपला त्याच्या वाट्याचाच दोष द्या

स्कोप आत गेला, थोडं घासलं, बायॉप्सी घेतली की तोंडातले आणि अन्ननलिकेतले जंतू काही वेळ रक्तात येतात. याला बॅक्टेरिमिया म्हणतात. अमेरिकन सोसायटी फॉर गॅस्ट्रोइंटेस्टिनल एन्डोस्कोपीच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याचे आकडे एकत्र दिले आहेत. साध्या तपासणीच्या गॅस्ट्रोस्कोपीत सरासरी ४.४ टक्के, व्हेरिसेसच्या, म्हणजे त्या फुगलेल्या शिरांच्या बँडिंगमध्ये ८.८ टक्के, आणि सुईने औषध टोचून शिरा बुजवण्याच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे स्क्लेरोथेरपीत, १४.६ टक्के. त्याच कागदावर दात घासण्याचा आणि दोऱ्याने दातांच्या फटी साफ करण्याचाही आकडा आहे: २० ते ६८ टक्के.

हो, दात घासण्याचा. तो वाचल्यावर मला पहिल्यांदा हसू आलं होतं आणि मग जरा शरमही वाटली, कारण तोवर मी प्रत्येक बँडिंगला खबरदारी म्हणून अँटिबायोटिक लिहीत होतो. रक्तात आलेले हे जंतू बहुतेक वेळा अर्ध्या तासात नाहीसे होतात, त्यातून आजार उभा राहत नाही. म्हणून ठरवून केलेल्या, रक्तस्राव नसलेल्या बँडिंगला सरसकट अँटिबायोटिक देण्याची शिफारस नाही. एक डोस दिला तर काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. बिघडतं. हेच पेशंट वर्षातून अनेकदा भरती होतात, आणि दर खेपेला उगाच दिलेल्या औषधाने त्यांच्या आतड्यात चिवट जंतू वस्तीला येतात. खरी वेळ आली की तेच औषध लागू पडत नाही.

मग जपायचं कुणाला? ते पुढच्या दोन पायऱ्यांत.

पायरी ३: ठरलेल्या स्कोपच्या आदल्या दिवशी

पहिला प्रश्न: स्कोप लागणारच आहे का? न केलेल्या एन्डोस्कोपीतून इन्फेक्शन होत नाही. नुसत्या ‘शिरा फुगल्यात का बघू’ या कारणासाठी पाठवलेला, अजून पाणी न साठलेला पेशंट असेल, तर फायब्रोस्कॅनचा (लिव्हर किती निबर झालंय ते मोजणाऱ्या तपासणीचा) आकडा २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट १,५०,०००च्या वर असताना धोक्याच्या शिरा सापडण्याची शक्यता इतकी कमी असते, की स्कोप टाळता येतो. बावेनो या इटलीतल्या गावाच्या नावाने भरणाऱ्या तज्ज्ञांच्या बैठकीत २०१५ साली हा निकष ठरला. अर्थात हा निर्णय तुमचा नाही, पण फाइलमध्ये दोन्ही रिपोर्ट वर लावून ठेवणं तुमचंच काम.

दुसरा प्रश्न: इन्फेक्शन आधीपासूनच घरात शिरलेलं नाही ना? ताप आहे का, एवढंच विचारून भागत नाही. सिरॉसिसमध्ये ताप येईलच असं नाही. पांढऱ्या पेशी मुळातच कमी असतात, कारण फुगलेली प्लीहा त्या अडवून धरते. नेहमी ३,००० असणारा काउंट ८,००० झाला, तर रिपोर्टवर तो ‘नॉर्मल’ छापून येतो. जुना रिपोर्ट शेजारी धरल्याशिवाय ती उडी दिसत नाही. पेशंट प्रोप्रानोलॉल किंवा कार्वेडिलॉल या नाडी मंद करणाऱ्या गोळ्यांवर असेल तर नाडीही वाढत नाही. म्हणून नातेवाइकांना वेगळे प्रश्न विचारा. दोन दिवसांत लघवी कमी झाली का? रात्री झोप नाही आणि दिवसा पेंग, असं सुरू झालंय का? बोलताना शब्द चुकतात का? पोट एकाएकी जास्त ताणलंय का? घरचं माणूस "हे आज जरा वेगळेच वागतायत" असं म्हणालं, तर ते वाक्य जसंच्या तसं केसपेपरवर लिहा. कित्येकदा लॅबच्या आधी ते सांगून जातं.

पोटात पाणी आहे आणि यातलं एखादं उत्तर ‘हो’ आलं, तर आधी टॅपिंग (सुईने पोटातलं पाणी काढून तपासणं), मग स्कोप. पोटातल्या पाण्यात दर घन मिलिमीटरमागे न्यूट्रोफिल २५० किंवा त्याहून जास्त निघाले तर ते एसबीपी, म्हणजे पोटातल्या पाण्याचं आपोआप झालेलं इन्फेक्शन. ठरवलेली स्कोप मग पुढे ढकलायची आणि उपचार त्याच तासात सुरू करायचे. इथे एक बारीक चूक रोज होते. पाणी काढून ते साध्या बाटलीत लॅबला पाठवलं जातं आणि कल्चर कोरं येतं. जंतूंची संख्याच इतकी कमी असते की वाटेत ते मरतात. निदान १० मिली पाणी पेशंटच्या खाटेपाशीच ब्लड कल्चरच्या बाटलीत घालायचं. बाटलीचं रबरी बूच स्पिरिटने पुसायचं, सुकू द्यायचं, मग टोचायचं. सुकू द्यायचं हे पुन्हा सांगतो, कारण घाईत ओल्या बुचातच सुई जाते.

एसबीपी पुन्हा होऊ नये म्हणून काही पेशंट रोज नॉरफ्लॉक्सॅसिनसारखी गोळी घेतात. काही जण भ्रमासाठी रिफॅक्सिमिन घेतात. ‘उपाशी पोटी या’ याचा अर्थ ते गोळ्याही बंद असा लावतात. घोटभर पाण्याबरोबर गोळी घ्यायला हरकत आहे का, हे डॉक्टरांना विचारून तसं स्पष्ट सांगा.

उपाशी ठेवण्यावरूनच आणखी एक. नेहमीच्या नियमाने घट्ट अन्न ६ तास आणि साधं पाणी २ तास बंद पुरतं. पोट पाण्याने फार ताणलं असेल तर भूलतज्ज्ञ जास्त वेळ मागतील, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. पण यादीत नंबर शेवटचा म्हणून सकाळपासून दुपारी तीनपर्यंत उपाशी, हे सिरॉसिसच्या माणसाला झेपत नाही. त्याच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठाच नसतो, शरीर स्नायू जाळायला घेतं, आणि स्नायू झिजलेला पेशंट इन्फेक्शनला आधी बळी पडतो. यादी करताना त्याला पहिला नंबर द्या. कुणाची परवानगी लागत नाही या कामाला.

पायरी ४: रक्ताची उलटी करत आलेला पेशंट

इथे नियम उलटा होतो, आणि या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा.

व्हेरिसेसमधून रक्तस्राव झालेल्या पेशंटांपैकी साधारण २० टक्क्यांना दारात पाय ठेवतानाच इन्फेक्शन असतं. अँटिबायोटिक न दिलं तर पुढच्या काही दिवसांत उरलेल्यांपैकी निम्म्यांपर्यंत लोकांना ते होऊ शकतं. रक्तस्राव आणि इन्फेक्शन यांचं चक्र आहे. बीपी पडलं की आतड्याची भिंत आणखी सैल होते, जंतू बाहेर पडतात. जंतूंमुळे पोर्टल व्हेनमधला दाब चढतो आणि रक्त गोठण्याची घडी विस्कटते. मग बांधलेल्या शिरेतून पुन्हा रक्त. अँटिबायोटिकने या पेशंटांमध्ये इन्फेक्शन कमी होतं, पुन्हा रक्तस्राव होणं कमी होतं आणि मृत्यूही कमी होतात, असं तपासून पाहिलेलं आहे. थोडक्यात, इथे अँटिबायोटिक स्कोपसाठी नसतं, रक्तस्रावासाठी असतं. म्हणून ते स्कोपची वाट बघत नाही. पेशंट स्ट्रेचरवर असताना, टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड या पोर्टल दाब उतरवणाऱ्या औषधांच्या बरोबरीने ते सुरू व्हायला हवं.

सहसा वापरतात ते सेफट्रायाक्सोन, १ ग्रॅम शिरेतून, दर २४ तासांनी. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, बऱ्याच पुढे गेलेल्या सिरॉसिसमध्ये ते तोंडी नॉरफ्लॉक्सॅसिनपेक्षा सरस ठरलं. जास्तीत जास्त ७ दिवस. रक्त थांबलं, पेशंट सावरला, की त्याआधीही बंद करता येतं. लिव्हर अजून बऱ्यापैकी चालणाऱ्या, म्हणजे चाइल्ड-प्यू ‘ए’ गटातल्या पेशंटांना इन्फेक्शनचा धोका बराच कमी असतो, त्यामुळे त्यांना ते द्यावंच का यावर तज्ज्ञांत वाद चालू आहे. कॅज्युअल्टीत उभं राहून तो वाद सोडवायला जाऊ नका. एक मात्र सिस्टरांनी ध्यानात ठेवायचं: रिंगर लॅक्टेटसारखं कॅल्शियम असलेलं सलाईन चालू असेल तर त्याच लाईनमधून त्याच वेळी सेफट्रायाक्सोन सोडायचं नाही.

रक्त भरताना हात आखडता ठेवतात. हिमोग्लोबिन ७च्या खाली गेलं की भरायचं आणि ७ ते ८च्या दरम्यान ठेवायचं. जास्त भरलं की पोर्टल दाब वाढतो. बीपी स्थिरावल्यावर, आल्यापासून १२ तासांच्या आत स्कोप. त्याआधी ३० ते १२० मिनिटं एरिथ्रोमायसिन २५० मिग्रॅ शिरेतून देतात. हे अँटिबायोटिक असलं तरी इथे जंतू मारायला नसतं, जठर हलवून साचलेलं रक्त पुढे ढकलायला असतं. नवीन मंडळी ‘एक अँटिबायोटिक तर दिलंय’ असं समजून सेफट्रायाक्सोन लांबवतात, तो घोळ करू नका. ईसीजीवर क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातलं एक अंतर) लांबलेलं असेल तर डॉक्टरांना आधी दाखवा.

आता श्वासनलिकेचं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारात माणसं सर्वांत जास्त इथे हरतात. जठरात लिटरभर रक्त, पेशंट अर्धवट भ्रमात, त्यावर आपण गुंगीचं औषध देतो, घशात फवारा मारून ठसका बंद करतो, आणि मग स्कोपने हवा भरतो. रक्त वर येतं आणि फुफ्फुसात जातं. दोन दिवसांनी एक्स-रेवर पांढरा डाग उमटतो आणि सगळे म्हणतात, स्कोपनंतर इन्फेक्शन झालं. शुद्ध हरपत चाललेल्या किंवा सतत रक्त ओकणाऱ्या पेशंटला स्कोपच्या आधीच श्वासनलिकेत ट्यूब घालावी, असं बावेनोच्या तज्ज्ञांचंही म्हणणं आहे. आणि काम झाल्यावर ती जितकी लवकर काढता येईल तितकी काढावी, कारण व्हेंटिलेटर स्वतःच न्यूमोनियाला आमंत्रण आहे.

ट्यूब नसेल तेव्हा तुमच्या हातात असतं ते एवढं: पेशंट डाव्या कुशीवर, खाटेची डोक्याकडची बाजू उचललेली, आणि सक्शन दोन. एक स्कोपला, एक तोंडासाठी. तोंडाच्या सक्शनचं बटण दाबून नळीच्या तोंडाशी बोट लावून बघा, बोट खेचलं गेलं पाहिजे. बाटली अर्धी भरलेली असेल तर आधी बदला. ऐन वेळी बाटली भरली आणि सक्शन बंद पडलं, असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ती नवीन बाटली शोधायला लागलेली दीड-दोन मिनिटं अजून विसरलेलो नाही.

पायरी ५: कोणती प्रोसिजर, कोणती भीती

बँडिंगचं वर आलंच. जठरातल्या शिरांमध्ये सायनोॲक्रिलेट ग्लू टोचतात तेव्हा पेशंट बहुधा ब्लीड झालेलाच असतो, त्यामुळे अँटिबायोटिक आधीच चालू असतं. पण ग्लू ही शरीरात राहणारी परकी वस्तू आहे. क्वचित तिच्याभोवती जंतू घर करतात आणि काही आठवड्यांनी कारण न सापडणारा ताप येतो. अशा पेशंटच्या केसपेपरवर ‘ग्लू दिलेला आहे’ हे ठळक दिसलं पाहिजे, म्हणजे पुढच्या डॉक्टरला धागा मिळतो.

ईआरसीपीत, म्हणजे स्कोपमधून पित्तनळीत डाय सोडून केलेल्या प्रोसिजरमध्ये, प्रश्न असतो तो पित्त पूर्ण मोकळं होतंय की नाही याचा. डाय वर चढली आणि खाली उतरायला वाट उरली नाही, तर कोंडलेल्या पित्तात जंतू वाढतात. नळ्या जागोजागी अरुंद झालेल्या असतील आणि निचरा अर्धवटच होणार असं आधीच दिसत असेल, तिथे अँटिबायोटिक देतात. लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्यांनाही.

पोटातून जठरात फीडिंग ट्यूब, म्हणजे पेग, बसवायची असेल तर त्वचेला छेद देण्याआधी सेफाझोलिनसारखं अँटिबायोटिक सगळ्यांनाच लागतं. पण पोटात पाणी असलेल्या सिरॉसिसमध्ये पेग शक्यतो टाळतातच. छिद्राभोवती पाणी झिरपत राहतं, ते बुजत नाही, आणि झिरपण्याच्या वाटेने जंतू आत जातात. अशी विनंती फाइलवर दिसली तर पेशंटला आत घेण्यापूर्वी सीनिअरला पुन्हा विचारायला लाजू नका.

कोलोनोस्कोपीनंतर एसबीपी झाल्याच्या नोंदी आहेत, पण थोड्या. सरसकट अँटिबायोटिकची शिफारस नाही. इथे जास्त सांभाळायचं ते पोट साफ करण्याचं औषध. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं द्रावण चालतं. सोडियम फॉस्फेट किडनीला घातक, सिरॉसिसमध्ये नकोच.

पायरी ६: स्कोप धुणं

रूममधलं सर्वांत कंटाळवाणं काम, आणि नवीन माणसाला पहिल्या दिवशी तेच देतात. १९६८ साली अर्ल स्पॉल्डिंग यांनी उपकरणांची जी विभागणी मांडली ती आजही चालते: निर्जंतुक पेशीत शिरणारं उपकरण पूर्ण निर्जंतुक हवं, आणि नुसतं आतल्या ओल्या अस्तराला लागणाऱ्याला उच्च दर्जाचं डिसइन्फेक्शन पुरतं. स्कोप दुसऱ्या गटात येतो, बायॉप्सी फोर्सेप्स आणि सुई पहिल्या.

सगळा खेळ पहिल्या दहा मिनिटांचा आहे. स्कोप पेशंटमधून बाहेर आला की तिथेच, त्याच टेबलाशी, बाहेरून पुसायचा आणि डिटर्जंट चॅनलमधून ओढून घ्यायचं. हे राहिलं आणि रक्त आत वाळलं की त्याचा पापुद्रा धरतो, त्याखाली जंतूंची बायोफिल्म बसते, आणि मग कितीही महागडं रसायन वापरा, ते पापुद्र्याच्या वरूनच वाहून जातं. त्यानंतर लीक टेस्ट. बुडवलेल्या स्कोपमधून बुडबुड्यांची माळ आली तर तो स्कोप बाजूला, प्रश्नच नाही. मग हाताने ब्रश. ब्रश दुसऱ्या टोकाला बाहेर आला की त्याचे केस बघा. तपकिरी दिसले तर धुऊन पुन्हा घाला, आणि पांढरे येईपर्यंत घालत राहा. मशीनमध्ये टाकणार आहोत म्हणून ब्रश वाचवायचा, ही सवय लागली की सुटत नाही. मशीन ब्रश मारत नाही.

ग्लुटारल्डिहाइड, ओपीए, पेरासिटिक ॲसिड, जे तुमच्याकडे असेल त्याची वेळ बाटलीवर लिहिल्याप्रमाणे पूर्ण द्यायची आणि रसायनाची ताकद पट्टीने तपासायची. शेवटी खळबळून धुणं, अल्कोहोल, आणि चॅनलमधून हवा. ओला स्कोप टांगला तर सकाळपर्यंत त्यात जंतूंची पैदास होते. पाण्याची बाटली रोज बदलायची, आत निर्जंतुक पाणीच.

ईआरसीपीच्या स्कोपला टोकाशी एक छोटी उचलपट्टी असते, एलिव्हेटर. तिच्यामागची फट इतकी अरुंद की ब्रश नीट पोहोचत नाही. या फटीतून चिवट जंतू एका पेशंटकडून दुसऱ्याकडे गेल्याचे प्रकार अमेरिकेत उघडकीला आले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथल्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) जाहीर इशारा दिला. धुणाऱ्यांनी सगळे नियम पाळूनही काही ठिकाणी ते घडलं होतं. २०१९ मध्ये एफडीएने हॉस्पिटलांना टोकाचा भाग वापरून फेकता येईल अशा स्कोपकडे वळायला सांगितलं. तसा स्कोप नसेल तर उचलपट्टी वर करून एकदा, खाली करून एकदा, असं दोन्हीकडून ब्रश करा.

आणि सिरिंज. २००८ मध्ये अमेरिकेच्या नेवाडा राज्यात हिपॅटायटिस सीच्या साथीचा माग एका एन्डोस्कोपी सेंटरपर्यंत पोहोचला. स्कोपवर संशय होता. दोष निघाला तो प्रोपोफोलच्या एकदाच वापरायच्या बाटल्या अनेकांना वापरण्यात, आणि त्याच पेशंटची सिरिंज पुन्हा बाटलीत घालण्यात. चाळीस हजारांहून जास्त लोकांना रक्त तपासून घ्यायला कळवावं लागलं. लिव्हर आधीच खचलेल्या माणसाला आपल्या हातून नवा हिपॅटायटिस देणं, याहून वाईट काही सुचत नाही.

पायरी ७: नंतरचे दिवस

पेशंट रिकव्हरीत आला की पहिलं काम, काय काय टोचलेलं आहे ते मोजणं. दोन कॅन्युला आहेत, एक पुरे? मग एक काढा. लघवीची नळी रक्तस्रावाच्या गडबडीत घातली होती, आता पेशंट शुद्धीवर आहे? डॉक्टरांना विचारून तीही काढा. नाकातून नळी? तीच गोष्ट. राउंडवर कुणी विचारत नाही म्हणून या गोष्टी चार-चार दिवस राहतात. रक्तस्राव झालेला असेल तर लॅक्टुलोज देऊन पोटातलं रक्त लवकर बाहेर काढतात. ते आत राहिलं की भ्रम वाढतो, आणि भ्रमात पडलेल्याला पुन्हा श्वासनलिकेत उलटी जाण्याचा धोका.

बँडिंगनंतर दोन-तीन दिवस छातीत दुखणं, गिळताना टोचणं हे अपेक्षित. थोडी कणकणही येऊ शकते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, दिवसाला २ ग्रॅमच्या आत. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नाही, किडनी जाते. ॲसिडिटीची गोळी थोडेच दिवस, साधारण १० दिवस, बँड गळून पडल्यावरची जखम भरेपर्यंत. या गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहिल्या की आतड्यात जंतू वाढतात आणि एसबीपीचा धोका वाढत असल्याचं दिसतं. डिस्चार्ज कार्डावर ‘चालू ठेवा’ असं न लिहिता बंद करायची तारीख लिहा. अँटिबायोटिकचंही तसंच.

जखमेतून रक्त येण्याचा काळ साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसाचा. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ठणठणीत घरी गेलेल्या माणसाची काळजी संपलेली नसते.

एसबीपी निघालाच, तर अँटिबायोटिकच्या जोडीला अल्ब्युमिन देतात: पहिल्या ६ तासांत वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी किलोला एक ग्रॅम. हे ताकदीसाठी नाही, किडनी वाचवण्यासाठी आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याने किडनी निकामी होणं आणि मृत्यू दोन्ही घटले. तिसऱ्या दिवसाचा डोस शिफ्ट बदलली की राहून जातो. पहिला लावतानाच दुसऱ्याची तारीख आणि वेळ चार्टवर टाकून ठेवा. जेंटामायसिन, अमिकासिनच्या जातीची औषधं कुणी लिहिली तर एकदा शंका विचारा. सिरॉसिसच्या किडनीला ती सोसत नाहीत.

घरी पाठवताना नातेवाइकांना ‘ताप आला तर या’ एवढंच सांगण्याची रीत आहे. ते ऐकतात, थर्मामीटर आणतात, आणि ताप नाही म्हणून तीन दिवस घरी थांबतात. एका काकूंनी मला नंतर ओल्या डोळ्यांनी विचारलं होतं, "डॉक्टर, रोज बघत होते हो मी, ९८च्या वर कधीच गेला नाही, मग इन्फेक्शन कसं?" त्यांची काहीच चूक नव्हती. आम्ही चुकीचं सांगितलं होतं. तेव्हापासून आमच्या कार्डावर मोठ्या अक्षरात पाच ओळी असतात, आणि सिस्टर त्या नातेवाइकांकडून मोठ्याने वाचून घेतात: लघवी कमी झाली, झोपेत किंवा बोलण्यात फरक पडला, पोट दुखलं किंवा ताणलं, शौच डांबरासारखी काळी झाली, थंडी वाजली किंवा अंग गार पडलं. यातलं काहीही झालं तर ताप नसला तरी, रात्र असली तरी, लगेच या. सहाव्या ओळीत वॉर्डचा फोन नंबर. तो लागतो की नाही, हे महिन्यातून एकदा स्वतः लावून बघा.